वरवरचा गंज

शिरगाव, बदलापूर पूर्व
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय कैलासकाका,

तुम्हाला फोन करायचा म्हणजे अख्ख्या सोसायटीला बातमी द्यायची आणि तुम्हाला सोडून सगळ्यांना ती कळवायची. म्हणून हे पत्र. कारखान्यात घणाच्या खात्याला लागून असलेल्या तपासणीच्या खोलीत चौतीस वर्षं काढल्यावर कान असेच होणार हे मला मान्य आहे. पण कानाचं मशीन कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हे तुम्हीही एकदा मान्य करा.

आता कामाचं. माझं एम.डी.एस.चं शेवटचं वर्ष चालू आहे आणि प्रबंधाचा विषय आहे हिरड्यांचा आजार, आपल्याकडे ज्याला पायरिया म्हणतात तो. या आजारात हिरडी सुटत जाते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. त्या उघड्या मुळाचं पुढे काय होतं? ते मऊ पडतं की कडक होतं? त्यातलं कॅल्शियम कमी होतं की वाढतं? पुस्तकांमध्ये दोन्ही लिहिलेलं आहे. मला ते स्वतः बघायचंय, आणि काका, झोप येत नाही इतकं बघायचंय!

माझ्याकडे पायरियामुळे काढावे लागलेले बारा दात आहेत, रुग्णांच्या सह्या आणि कॉलेजची परवानगी घेऊन जमवलेले. ते उभे अर्धे घासून आरशासारखे चकचकीत करायचेत. गंमत सगळी मुळाच्या अगदी बाहेरच्या अस्तरात आहे, केसाएवढ्या जाडीत. आणि मी घासायला लागले की नेमकी तीच कड गोल होऊन उडून जाते. तीन सराव-दात वाया घालवून झाले.

मग मला खंडेनवमी आठवली. मी दुसरीत होते, तुम्ही मला अंबरनाथला कारखाना दाखवायला नेलं होतं. झेंडूची माळ घातलेल्या मायक्रोस्कोपमधून तुम्ही मला लोखंडाचा तुकडा दाखवलात आणि म्हणालात, "बघ, याच्या पोटात काय आहे ते." तो मायक्रोस्कोप कारखाना बंद झाल्यावर तुम्ही लिलावात घेतलात ना? काकू तेव्हा आठवडाभर बोलली नव्हती.

कराल का हे काम? प्रत्येक दातावर मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. रेघेच्या वर उघडं पडलेलं, आजारी मूळ. रेघेखाली शेवटपर्यंत हिरडीत आणि हाडात राहिलेलं, धड मूळ. रेझिनमध्ये, म्हणजे त्या घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात, बसवण्याआधी रेघेखालच्या धड भागाला लाल रंग लावा, म्हणजे मोजताना मला कळेल.

तुमची भोचक डॉक्टरीण,
ऋतिका


वांगणी
१६ नोव्हेंबर

चि. ऋतिका,

डबी मिळाली. शेजारची मधु रोज बदलापूरला शाळेत शिकवायला जाते, तिच्याकडे यापुढे सामान देत जा. आत काय आहे ते तिला सांगू नकोस, ती त्याच पिशवीत डबा ठेवते.

काम घेतो. मागून घेतलं असतं, तू विचारलंस हे बरं झालं. निवृत्त झाल्यापासून मी फक्त भाजीतले खडे आणि पेपरातल्या चुका काढतो.

तुझी कड गोल होते, कारण तू एकट्या दाताला घासतेस. दात कडक, भोवतीचं रेझिन मऊ. मऊ आधी झिजतं, कडेचा आधार जातो आणि कड ढासळते. आम्ही तुकड्याला खेटून तेवढ्याच कडकपणाचा सोबती बसवायचो. घासताना दोघं एकमेकांना धरून राहतात. शिवाय काचेवर पॉलिशपेपर, हात हलका, आणि पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा. मखमलीचा कपडा शेवटी आणि अगदी थोडा. घाई केलीस तर परत सुरुवातीपासून.

आता घरचं. राजसीचं लग्न सोळा फेब्रुवारीला ठरलं, हॉल बदलापूरलाच. मला जावई चांगला मिळालाय, बोलतो कमी, त्यामुळे माझं जमेल. लग्नाआधी तुझी काकू सगळे दात काढून कवळी बसवणार आहे. हलतात, रक्त येतं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दाखवून आली. तिथले डॉक्टर म्हणाले की थोडे ठेवता येतील, तर हीच म्हणाली, सगळे काढा. वीस जानेवारीची तारीख घेतली आहे. मला ते पटतं. सडलेला पीस ठेवून काय करायचंय?

एक विचारायचं होतं. सगळे दात काढले की ओठ आत जातात का गं? बोलताना तोंड वेगळं दिसतं का? सहज विचारतो.

ती हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही. पदर तोंडाला लावून घरभर फिरते. मायक्रोस्कोप पुन्हा टेबलावर काढला त्याचा राग असावा.

कैलासकाका


शिरगाव
२२ नोव्हेंबर

काका,

सोबती बसवायचा! इतकं साधं! तेजस्वी मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे गृहस्थ कुठल्या कॉलेजचे?" मी म्हटलं, अंबरनाथच्या घणाच्या कॉलेजचे.

पण काकूचं वाचलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. सगळे? काका, काकू फक्त अठ्ठावन्न वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे असायचे तेव्हा ती माझ्यासाठी ऊस दाताने सोलून द्यायची. ते दात सगळे काढणार?

ऐका. दाताच्या मुळावर एक पातळ अस्तर असतं, सिमेंटम. त्यातून हजारो बारीक तंतू निघून समोरच्या हाडात जातात. दात हाडात खिळा ठोकल्यासारखा नसतो, तो या तंतूंवर झोळीसारखा लटकलेला असतो. पायरियात कीटण साचतं, हे तंतू तुटतात, भोवतालचं हाड खाली जातं आणि दात हलायला लागतो. म्हणजे हलतो तो दात सडला म्हणून नव्हे, त्याचा आधार गेला म्हणून. तुमच्याच भाषेत, सोबती गेला म्हणून! आधार किती उरलाय ते तपासल्याशिवाय सगळे काढायचे, हे मला अजिबात मान्य नाही. काकूला माझ्या कॉलेजमध्ये आणा. एक एक्स-रे काढू, बाकी नंतर.

ओठांचं म्हणाल, तर हो. दात गेले की ओठ आत वळतात, गाल बसतात. कवळीने बरंच सावरतं, पण तोंडाची ठेवण पूर्वीसारखी राहील असं नाही. तुम्ही का विचारलंत?

ऋतिका


वांगणी
९ डिसेंबर

ऋतिका,

पाच तुकडे तयार. उरलेले नाताळच्या सुट्टीआधी देतो. सूचनेप्रमाणे रंग लावला आहे.

आता नीट बसून वाच. मायक्रोस्कोपखाली मला काय दिसलं ते सांगतो. मुळाच्या बाहेरच्या कडेला एक उजळ पट्टा आहे. सगळीकडे नाही, काही भागातच. पहिल्या तुकड्यात दिसला तेव्हा वाटलं, पॉलिशचा दोष. पुसून पुन्हा केलं. पट्टा तिथेच. पाचांत पाच! मग शिवणाची बारीक सुई घेतली, तिच्यावर ठरावीक वजन टांगलं आणि आतून बाहेर ओरखडा काढला. उजळ पट्ट्यात आला की ओरखडा बारीक होतो. म्हणजे ती कातडी आतल्या भागापेक्षा कडक आहे.

पोरी, हे आम्ही भट्टीत मुद्दाम करायचो! दात्याच्या चाकाला वरून कडक कातडी आणतात, आत मऊ ठेवतात, म्हणजे झिजत नाही आणि तुटतही नाही. मी रात्रपाळीत हजारो चाकं कापून ती कातडी मोजली आहे. ती माणसाच्या तोंडात सापडेल असं वाटलं नव्हतं. मी इतक्या जोराने ओरडलो की मधु धावत आली. तिला वाटलं, पडलो.

काकूने मात्र काय झालं असंही विचारलं नाही. पदराआडून काहीतरी पुटपुटली आणि आत गेली.

तिच्या दातांबद्दल तुझं म्हणणं वाचलं. पण तीच कॉलेजला यायला तयार नाही. तिने ठरवलंय तर मी मध्ये पडणार नाही. आम्ही गंजलेला पीस भंगारात टाकायचो, त्याची समजूत काढत बसायचो नाही.

कैलासकाका


शिरगाव
२४ डिसेंबर

काका,

हे लिहिताना रडून झालंय, त्यामुळे अक्षर बरं आहे.

बाराही तुकडे मोठ्या लॅबमधल्या यंत्रात घातले. त्यात किरण मारला की कुठे किती कॅल्शियम, किती फॉस्फरस ते आकड्यांत येतं. तुमचा पट्टा खरा आहे. तिथे दोन्ही जास्त आहेत, फ्लोराइडही आहे. इथपर्यंत मी यंत्राभोवती नाचत होते.

मग मी भाग जुळवले. कडक पट्टा आला तो लाल रंगाच्या बाजूला. म्हणजे धड मुळावर! आणि उघड्या पडलेल्या मुळावर काहीच नाही. बारापैकी बारांत. काका, हे शक्यच नाही. कातडी कडक होण्यासाठी मुळाला लाळ लागायला हवी. लाळेतली खनिजं त्यात उतरतात असं माझं गृहीत होतं. हाडात गाडलेल्या भागाला लाळ लागणार कुठून?

मॅडम म्हणाल्या, "एक तर नमुन्यांत गडबड आहे, नाहीतर तुझ्या डोक्यात." जानेवारीच्या शेवटी प्रबंध द्यायचाय. उलटं का आलं ते सांगता आलं नाही तर सहा महिने पुढे.

तुमच्याकडून काही झालंय का, असं विचारायला जीभ रेटत नाही. पण विचारते. रेघा पुसल्या गेल्या होत्या का?

आणि काकूची तारीख सत्तावीस दिवसांवर आली. "सडलेलं मूळ मऊच असणार, काढून टाका," असं म्हणणाऱ्यांना दाखवायला माझ्याकडे हा एकच कागद होता. तोही उलटा निघाला.

ऋतिका


शिरगाव
२७ डिसेंबर, सकाळी साडेसात

काका! काका! काका!

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मधु शाळेत शिरायच्या आत तिला गाठायचंय.

सात नंबरचा तुकडा! काल त्याची कड पुन्हा बघत बसले होते. लाल रंगाच्या खाली, अगदी मुळाला चिकटून, कीटणाचा एक काळा कण आहे. माझ्याकडून साफ करताना राहून गेलेला. कीटण हाडात गाडलेल्या मुळावर बसतच नाही! ते बसतं फक्त उघड्या भागावर. म्हणजे लाल रंग आहे तो आजारी भागावर!

तुम्ही लाल कुठे लावलात? आठवून सांगा, आताच्या आता! तुम्ही म्हणाल ते खरं निघालं तर मी पेढे घेऊन वांगणीला चालत येईन.

ऋ.


वांगणी
२७ डिसेंबर

ऋतिका,

तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचलं. नमुन्यात गडबड हा शब्द मी चौतीस वर्षांत स्वतःबद्दल ऐकला नव्हता.

म्हणून एक नवा तुकडा करायला घेतला, सगळं पहिल्यापासून, स्वतःकडे लक्ष ठेवून. दात हातात घेतला, तुझ्यासारखी पेन्सिलीने रेघ मारली, ब्रश लाल रंगात बुडवला आणि हात आपोआप रेघेच्या वर गेला. खराब भागावर. तिथेच थांबलो.

आमच्या खात्यात लाल म्हणजे रिजेक्ट. धड भागाला लाल रंग लावणं म्हणजे चांगला माल भंगारात पाठवणं. तुझी सूचना मी वाचली होती, दोनदा वाचली होती, पण हाताने वाचली नव्हती. बाराही दातांना मी खराब बाजूला लाल लावलं आणि तुला लिहिलं, सूचनेप्रमाणे. मुली, तुझे सहा महिने माझ्यामुळे जाणार असतील तर मी तुझ्या मॅडमपुढे येऊन उभा राहतो.

तो नवा दात कुठून आणला ते सांगायचं राहिलं. तो तुझ्या काकूचा आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास सोडताना घासाबरोबर हातात आला. तिने तो फेकायला दिला, मी ठेवला.

रात्रभर घासला. हे सांगायला मला लाज वाटते, पण ऐक. माझ्या हाताखाली एक जण होता, तो पीस न कापता वरचा गंज बघून रिजेक्टचा शिक्का मारायचा. मी त्याला त्या कामावरून काढला होता. आणि इथे माझ्या बायकोच्या सगळ्या दातांवर मी न कापता शिक्का मारून बसलो होतो. कापून बघितलं. वर मशेरीचा काळा थर, त्याखाली तुझं कीटण, त्याखाली काही ठिकाणी खड्डे, मग तो कडक पट्टा. आणि त्याच्या आत सगळं शाबूत. पार टोकापर्यंत. गंज वरवरचा होता.

आता तू सांग काय करायचं ते.

कैलास


शिरगाव
१ जानेवारी २०२५

प्रिय काका,

आपली पत्रं मधुच्या पिशवीत एकमेकांना ओलांडून गेली. नवीन वर्षाची ही भेट मी जन्मात विसरणार नाही.

माफी मागायची नाही. ऐका मॅडम काय म्हणाल्या. मी उलटे आकडे सुलटे करून त्यांच्यापुढे ठेवले. कडक पट्टा उघड्या भागावर, बारापैकी बारांत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे मोजताना तुला माहीतच नव्हतं की आजारी भाग कुठला?" मी म्हटलं, नव्हतं, उलट चुकीचंच माहीत होतं. तर त्या हसायलाच लागल्या. मोजणाऱ्याला हवं तेच दिसू नये म्हणून लोक खुणा मुद्दाम झाकतात. माझ्याकडून ते तुमच्या लाल रंगाने करून घेतलं. मी मनातून उलट उत्तर मोजत असूनही खरं उत्तर आलं! अर्थात घडलं ते सगळं जसंच्या तसं प्रबंधात लिहायचं, अशी त्यांची अट आहे. आभारात तुमचं नाव येणार आहे, आणि तुमच्या सोबतीच्या पद्धतीला अख्खं एक पान.

आता काकू. इथे मला खरं बोलायला हवं. एक मूळ आतून शाबूत निघालं म्हणून सगळे दात वाचतील असं नाही. दात वाचतो तो भोवती हाड किती उरलंय त्यावर. जिथे हाड गेलंय तिथले काढावे लागतील. पण तुमच्या तुकड्यातून एक गोष्ट नक्की कळते. ज्या मुळांना आधार आहे, ती वरून साफ करायची. खोल खरवडून कातडीच काढून टाकायची गरज नाही, आणि उपटायची तर मुळीच नाही.

रविवारी पाच तारखेला येते. काकूला सांगू नका, नाहीतर ती त्या दिवशी नेमकी माहेरी जाईल. पेढे आणतेय. चालत नाही, लोकलने.

ऋतिका


वांगणी
११ जानेवारी

ऋतिका बाय हिस,

मी माई, तुझी काकू. चौथीपर्यंत शिकलेली हाय, अक्षराला हसू नको. तुझे काका मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेत तवर लिहून घेते. मधुला सांगितलंय, हे पत्र तुझ्याच हातात दे.

तू रविवारी आलीस, मला खुर्चीवर बसवलंस, बॅटरीने तोंड बघितलंस. मंगळवारी कॉलेजला नेऊन फोटो काढलास. पाच काढायचे, बाकीचे राहतील म्हणालीस. मी तिथे नुसती मान हलवली. घरी येऊन रडले. राहतील ह्याचंच मला भ्या वाटत होतं.

तू विचारलंस ना, सगळे काढायची घाई का? सांगते. राजसीच्या साखरपुड्याला व्याहीणबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. मी काय तरी बोलले नि त्यांनी तोंड फिरवलं. मग उठून दुसऱ्या खुर्चीवर गेल्या. वाईट बाई नायत त्या. पण मला समजलं. माझ्या तोंडाला वास येतो. तवापासून मी पदर लावते. लग्नात आईने पदर लावून उभं राहायचं काय? त्यापरीस सगळं उपटून टाकलेलं बरं, असं मी ठरवलं.

तुझ्या काकांना ह्यातलं काय सांगितलं नाय. त्यांना वाटतं मी रागावले. मी बोलते गं त्यांच्याशी, पदराआडून बोलते. पूर्वी त्यांना साऱ्या जगाचं ऐकू यायचं नाय, पण माझं यायचं. चुलीपाशी हळू बोलले तरी समजायचं. मला त्याचा मान वाटायचा. आता माझंपण ऐकू येत नाय म्हणतात. मला वाटतं माझा कंटाळा आला त्यांना.

वास जातो काय, एवढं कळव. मशेरी सोडते.

माई


शिरगाव
१३ जानेवारी

प्रिय काकू आणि काका,

हे पत्र दोघांनी मिळून वाचायचं. काका, तुम्ही मोठ्याने वाचा, आणि काकू, तू समोर बस. पदर खांद्यावर.

काकू, वास जातो. तो दातांचा नसतो, मुळाशी साचलेल्या घाणीचा असतो. दोन-तीन वेळा खालपर्यंत साफ केलं, ते पाच दात काढले, तू मशेरी सोडलीस आणि रोज मी सांगितलं तसं घासलंस, की तो जातो. लग्नाला अजून महिना आहे. तेवढ्यात होईल, मी करून देते. वीस तारखेला उल्हासनगरला जायचं नाही. माझ्याकडे यायचं.

काका, आता तुमची पाळी. नोव्हेंबरात तुम्ही मला विचारलं होतंत, दात काढले की ओठ आत जातात का. मी तेव्हा "का विचारलंत" म्हटलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आता मला ते कळलंय. तुम्हाला काकूचं ऐकू येत नव्हतंच ना, कधीच? घणाच्या खात्यात सगळे जण एकमेकांचे ओठ बघून बोलायचे, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. तुम्ही तीस वर्षं तिचे ओठ वाचताय. तिने पदर लावला आणि तुमचं घर बंद पडलं.

हे तिला तुम्ही सांगा. मी फक्त दातांची डॉक्टर आहे. आणि ही चूक तुम्हा दोघांशिवाय कुणाला जमली नसती. एकाने ऐकू येत नाही ते लपवलं, दुसरीने तोंड लपवलं, आणि दोघं एकमेकांवर रुसून बसले. आपलेच दात, आपलेच ओठ!

तुमची,
ऋतिका


वांगणी
१९ फेब्रुवारी

चि. ऋतिका,

तू लग्नातून पंगत सोडून दुसऱ्या दिवशीच्या व्हायव्हाच्या तयारीला पळालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. प्रबंध पास झाला हे मधुने आल्या आल्या सांगितलं. तिने ते माझ्यासमोर उभं राहून, तोंड मोठं करून सांगितलं. आता सगळी सोसायटी माझ्याशी तशीच बोलते. तुझ्या काकूने जाहीर करून टाकलंय.

तुझं ते पत्र मी मोठ्याने वाचलं होतं. तुझ्या "आता तुमची पाळी" पाशी आलो आणि पुढचं वाचवेना. तिने कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघत होतात, ते ह्यासाठी?" मी म्हटलं, ह्यासाठीपण.

आता लग्नाचं. हॉलमध्ये बँडवाल्यांनी नुसता धुडगूस घातला होता. मी वऱ्हाडाच्या स्वागताला दाराशी उभा होतो. ती पार तिकडे, स्टेजजवळ, व्याहीणबाईंच्या शेजारी. दोघी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. तुझी काकू तोंड उघडून हसत होती. डाव्या बाजूला तू बसवलेले दोन खोटे दात जरा जास्तच पांढरे आहेत, तेवढं बघ.

मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने तिथूनच मला झापायला सुरुवात केली. फेटा वाकडा झालाय, अत्तरदाणी कुठे ठेवलीत, जावयाच्या आजोबांना उन्हात उभं केलंत, आणि असे खुळ्यासारखे माझ्याकडे बघत काय राहिलात? लोक तिच्याकडे बघत होते आणि माना हलवत होते. बँडच्या त्या आवाजात हॉलभर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

मला शब्दन् शब्द कळला. मी फेटा सरळ केला.

कैलासकाका